पाणी किती चढवायचं?

फजरला उठले आणि पहिलंच पाऊल पाण्यात पडलं. रात्री पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली होती, लाईट गेलेली होती. मला वाटलं हॉलची खिडकी उघडी राहिली असेल. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं तर खिडकी घट्ट बंद. पाणी येत होतं ते कोपऱ्यातून, फिश टँकच्या कपाटाखालून. सगळ्यांत आधी मेन स्विच बंद केला, कारण लाईट कधीही परत आली असती. मग मुलाला उठवलं आणि आम्ही दोघं जुन्या चादरी घेऊन फरशी पुसायला बसलो.

सहा वाजता बेल वाजली. खालच्या काकू. त्या तळमजल्यावर राहतात, आम्ही पहिल्या मजल्यावर. हातात एक ओली फाईल. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पुराचं पाणी खालून आलं होतं गं. हे वरून आलं."

आम्ही चिपळूणला राहतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा काकूंच्या घरात काय उरलं होतं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसापासून त्यांनी एक सवय लावून घेतली आहे : जे महत्त्वाचं ते उंचावर. घराचे कागद, काकांच्या पेन्शनची फाईल, मुलीच्या शाळेचे दाखले, सगळं कपाटाच्या डोक्यावर एका पेटीत. आणि आमच्या टँकचं पाणी स्लॅबमधून झिरपून नेमकं त्या कपाटाच्या डोक्यावर ठिबकलं. पेटीचं झाकण नीट बसत नव्हतं.

मी कागद मागून घेतले. पंख्याखाली पसरून, वर सुती कापड टाकून हलकी इस्त्री फिरवली. अक्षरं वाचली, शिक्के थोडे फुटले. छताला रंग लावून देते म्हटलं तर काकू म्हणाल्या, "पावसाळा जाऊ दे." त्यानंतर पंधरा दिवस त्या जिन्यात भेटल्या की नुसती मान हलवायच्या. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्यांनी मला न हाक मारता जिना चढू दिला नव्हता.

हा टँक मुलांच्या अब्बूंचा शौक. ते कुवेतला असतात. मागच्या सुट्टीत त्यांनी स्वतः पाइप कापून, चिकटवून तो उभा केला. 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. त्यात साधारण 230 लिटर पाणी राहतं. खालच्या कपाटात दुसरी छोटी काचेची टाकी आहे, तिला सम्प म्हणतात. वरच्या टँकच्या कोपऱ्यात दातेरी काठाची एक उभी पेटी आहे. टँक भरला की जादा पाणी त्या दात्यांवरून पेटीत पडतं आणि पाइपाने सम्पमध्ये उतरतं. तिथे स्पंज आणि खड्यांमधून गाळलं जातं. शेवटच्या कप्प्यात एक पंप बुडवलेला असतो, तो स्वच्छ पाणी पुन्हा वर पाठवतो. हाच रिटर्न पंप. चार एंजल मासे आणि डझनभर टेट्रा त्याच्या जिवावर जगतात. अब्बू जाताना मुलाला मासे सोपवून गेले आणि मला पंप. मला कोणी विचारलं नव्हतं, पण घरात नवरा नसला की असल्या गोष्टी न विचारताच बाईकडे येतात.

मे महिन्यात उकाडा वाढला आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागले. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, हे मुलाने शाळेच्या पुस्तकातून वाचून दाखवलं. एका माहीतगार माणसाला फोन केला. तो म्हणाला, "पंप फुल करा भाभी, पाणी खेळतं राहील." रिटर्नच्या पाइपावर एक बॉल व्हॉल्व्ह आहे, त्याचा दांडा अब्बूंनी निम्म्यावर ठेवला होता. मी तो सरळ केला. पूर्ण उघडा.

पाणी जोरात खेळू लागलं, आम्ही खूश. पण दुसऱ्याच दिवशी सम्पमधल्या पंपाच्या कप्प्यात पाणी कमी दिसू लागलं, टँकमध्ये बारीक बुडबुडे येऊ लागले. मला वाटलं, उन्हाने पाणी आटलं. म्हणून अर्धी बादली घातली. संध्याकाळी आणखी थोडं. सगळी चूक इथे झाली, आणि ती चूक मला समजावून सांगितली ती आमच्या अब्बांनी, म्हणजे सासऱ्यांनी.

अब्बा दापोली तालुक्यातल्या गावी एकटे राहतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे आले होते. एका डोळ्याचं झालं होतं, काळा चश्मा लागला होता, दुसऱ्या डोळ्याला सगळं धूसर दिसायचं. डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. हॉलमध्ये त्यांची खाट टँकच्या शेजारीच होती. पाणी सांडलं त्याच्या आदल्या रात्री ते मला म्हणाले होते, "पंप हवा खातोय. आवाज ऐक."

मी ऐकला नाही. म्हाताऱ्या माणसाला नव्या जागी झोप लागत नाही, त्यातली ही तक्रार, असं समजून मी कपाटाचं दार लावून घेतलं आणि म्हटलं, "आता नाही येणार आवाज."

खरं तर चौदा वर्षांत आमच्या दोघांत बोलणं असं झालंच नव्हतं. ते जहाजावरून निवृत्त झाले तेव्हा मी सून म्हणून आलेही नव्हते. जेवलात का, औषध घेतलंत का, गावाला फोन लावून देऊ का, एवढ्यात आमचं संभाषण संपायचं. ते जहाजाच्या इंजिनरूममध्ये ऑईलमन होते, जुने लोक ज्याला तेलवाला म्हणायचे. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत असा एखादा माणूस असतो आणि तो खाली इंजिनाजवळ नेमकं काय करायचा ते घरातल्या बायकांना कधीच कळत नाही. आपल्यापर्यंत पोचते ती मनीऑर्डर आणि साबणाच्या वड्या.

पाणी सांडलं त्या सकाळी फरशी पुसून मी खाटेजवळ बसले आणि म्हटलं, "अब्बा, तुम्ही सांगितलं होतं."

त्यावर ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "नळीचं तोंड पाण्यात किती खाली आहे?"

मी पट्टी लावून पाहिलं. पाण्याच्या पातळीपासून दोन इंच खाली.

"टँकचं एक इंच पाणी म्हणजे किती लिटर?"

मुलाने वहीत हिशेब केला. 48 इंच गुणिले 18 इंच. 14 लिटर.

"मग लाईट गेली की पंप थांबतो. पाणी त्याच नळीतून उलटं खाली येतं, पंपाच्या पोटातून. नळीचं तोंड उघडं पडून हवा घेईपर्यंत येतच राहतं. दोन इंच म्हणजे 28 लिटर. खालच्या टाकीत रिकामी जागा किती?"

सम्प 30 इंच लांब, 12 इंच रुंद. पाण्यावर पाच इंच रिकामे. मुलगा म्हणाला, "जेमतेम 30 लिटर."

म्हणजे गेले कित्येक महिने लाईट जायची तेव्हा आमचं घर दीड-दोन लिटरने वाचत आलं होतं. कोणाला पत्ता नव्हता. मी व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वर जास्त पाणी जाऊ लागलं, दात्यांवरून उतरायला ते मावेना, म्हणून टँकची पातळी अर्धा इंच चढली. वरचा अर्धा इंच म्हणजे सात लिटर, आणि पंपाचा कप्पा एवढासा, त्यामुळे तिथली पातळी साडेतीन इंचांनी उतरली. पाणी आटलं नव्हतं, ते वर जाऊन बसलं होतं. मी ते आटलं समजून नवीन घातलं. लाईट गेली, वरचं सगळं खाली आलं. जेवढं मी घातलं, जवळजवळ तेवढंच काकूंच्या कपाटावर गेलं.

हे ऐकताना माझे कान गरम झाले. रागावण्यासारखं कोणी नव्हतं. पंप बिघडला नव्हता, पाइप फुटला नव्हता.

त्या रात्री कुवेतहून फोन आला. मुलांचे अब्बू म्हणाले, "विकून टाक. काकूंपेक्षा मासे मोठे नाहीत." मुलगा दुसऱ्या खोलीत जाऊन पडला. मग ते म्हणाले, स्पीड कमी-जास्त करता येतो असा नवा पंप मिळतो, तो पाठवतो. अब्बांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "पंप चांगला आहे. आठ दिवस थांब." आणि फोन माझ्याकडे दिला.

दुसऱ्या दिवशी मुलाने आपल्या परीने उपाय केला. पंपाच्या तोंडावर स्पंजचा जाड तुकडा बांधला, म्हणजे पाणी कमी ओढलं जाईल. पंप घरघरायला लागला. अब्बा खाटेवरूनच म्हणाले, "त्याचं तोंड दाबू नका. पंप उपाशी मरेल." मग त्यांनी सांगितलं ते मी आजवर कुठल्या दुकानात ऐकलं नव्हतं. या जातीच्या पंपात पातं फिरतं आणि पाणी बाहेर फेकतं. त्याचं खेचणं नेहमी मोकळं ठेवायचं. कमी करायचं तर बाहेर जाणाऱ्या बाजूला. बाहेरून अडवलं तर तो बिचारा कमी वीज खातो आणि शांत चालतो. खेचण्याच्या बाजूला अडवलं तर हवेचे बुडबुडे धरतो, तापतो. पाण्यात बुडालेला पंप पाण्यानेच थंड राहतो ना. "पण तेलाचा दात्यांचा पंप असता," ते म्हणाले, "तर बाहेरची बाजू कधी बंद करायची नाही. तो थांबत नाही, काहीतरी फोडूनच राहतो." हे सांगताना त्यांचा उजवा हात हवेत एक मोठं चाक फिरवत होता.

त्यांना वाकता येत नव्हतं आणि नीट दिसतही नव्हतं. त्यामुळे सगळं मलाच करावं लागलं. ते खुर्चीवर, एक हात पाइपावर. मी जमिनीवर, डोकं कपाटात. मुलगा मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन. प्रत्येक वेळी हात पाण्यात घालण्याआधी अब्बा विचारायचे, "बटण बंद?" आणि मी "बंद" म्हटल्याशिवाय पुढचं सांगायचे नाहीत. सातव्या-आठव्या वेळेला मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

पंपाच्या खोक्यावर छापलंय ताशी 3000 लिटर. अब्बा म्हणाले, तो आकडा पाणी वर चढवायचं नसेल तेव्हाचा. आमच्या पंपाला चार फूट चढवायचं, दोन कोपरं वळायची. म्हणून मापायचं ते वरच, जिथे पाणी पडतं त्याच उंचीला. मी रिटर्नची नळी वरच्या जोडातून सोडवून टँकच्या काठाशी धरली आणि खाली तेलाचा 5 लिटरचा रिकामा डबा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना डबा 10 सेकंदांत भरला. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा दहाच्या आसपास. ताशी 1800 लिटर. खोक्यावरच्या आकड्यातले 1200 लिटर नुसत्या चढणीत आणि वळणांत गेले होते.

"आणि लागतं किती?" मी विचारलं. गोड्या पाण्याच्या अशा टँकचं सगळं पाणी तासाला चार-पाच वेळा फिरलं तर गाळायला पुरतं, असं अब्बूंनी फोनवर सांगितलं. पाच पट म्हणजे 1150. म्हणजे डबा साधारण 15 सेकंदांत भरला पाहिजे.

ऐकायला सोपं वाटतं. बॉल व्हॉल्व्हचा दांडा एका पाव फेऱ्यात पूर्ण उघडा ते पूर्ण बंद होतो. त्याला केसभर हलवलं की 12 सेकंदांचे 20 होतात. परत केसभर, की 11. माझी मान दुखायला लागली, मगरिबची वेळ झाली, पंधरा काही येईना. शेवटी अब्बा म्हणाले, "हा नको. चाकाचा आण." दुसऱ्या दिवशी नळाच्या सामानाच्या दुकानातून गेट व्हॉल्व्ह आणला. त्याचं चाक पाच-सहा फेरे फिरतं, त्यामुळे थोडं थोडं करता येतं. नेहमीचा प्लंबर येऊन बसवून गेला. मग मी चाक फिरवत होते आणि अब्बा डोळे मिटून पाइपावर हात ठेवून बसले होते. टँकमधून खाली जाणारा पाइप मधूनच घटाघट आवाज करायचा, तहानलेल्या माणसासारखा.

"अजून घोट घेतोय. कमी कर."

अर्धा फेरा.

"अजून."

पाव फेरा. आवाज बारीक झाला, मग नुसती झुळझुळ राहिली. अब्बा म्हणाले, "आता मोज." पंधरा सेकंद. मुलगा उडी मारून उठला आणि त्याचं डोकं कपाटाच्या दाराला लागलं.

चाकावर आणि पाइपावर समोरासमोर नेलपॉलिशची खूण केली. आमच्या घरात नेलपॉलिश एरवी लग्नकार्यापुरतंच निघतं, बाटली निम्मी सुकली होती, पण कामाला आली. सम्पच्या काचेवरही एक आडवी रेघ मारली : पंप चालू असताना पंपाच्या कप्प्यात पाणी या रेघेपर्यंतच घालायचं. आणि पाणी कमी दिसलं तर आधी वर टँककडे बघायचं, मग बादलीकडे.

माशांचा प्रश्न राहिलाच होता. प्रवाह कमी केल्यावर ते परत वर येऊन तोंड उघडणार, ही माझी भीती. पण पूर्ण जोरात पंप चालू होता तेव्हाही एंजल मासे एका कोपऱ्यात दबून बसायचे. पान हलावं तसं त्यांचं अंग, त्यांना एवढा लोंढा सोसत नाही. आम्ही नळीचं तोंड वरच्या बाजूला वळवलं, पाण्याच्या पातळीपासून एक इंचावर. आता पाण्याचा पृष्ठभाग सारखा थरथरत राहतो आणि हवा पाण्यात मिसळते ती तिथेच. जोर कमी आणि मासे मोकळे. हे एवढंच मे महिन्यात केलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

आता राहिली नळी. मी सुचवलं, पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह मिळतो, तो लावू. अब्बा म्हणाले, लाव हवा तर, पण त्याच्या भरवशावर झोपू नको. त्यात कचरा अडकला की तो उघडाच राहतो, आणि तो उघडा राहिलाय हे कळतं ते पाणी सांडल्यावर. त्यापेक्षा छिद्र पाड. मी दाभण गॅसवर तापवून नळीला पाण्याच्या पातळीपासून अर्ध्या इंचावर एक बारीक छिद्र पाडलं. पाणी अर्धा इंच उतरलं की तिथून हवा आत शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. पंप चालू असताना तिथून एक बारीक धार सुटते, पाण्याखालीच. छिद्रात शेवाळ धरतं, म्हणून आठवड्याला टूथपिक फिरवायची.

मग अब्बा म्हणाले, "खालच्या बाईंना बोलव."

मला जायचं धैर्य होत नव्हतं. "कशाला अब्बा? झालं ना आता."

"तुझं झालं. त्यांचं कुठे झालं? त्या रात्री छताकडे बघत झोपत असतील."

मी खाली गेले. काकूंनी दार उघडलं, मी काय म्हणाले ते आता नीट आठवत नाही. त्या वर आल्या. अब्बा खुर्चीतून उठून उभे राहिले. मी काकूंना कपाटासमोर पाट दिला, दार उघडलं आणि सम्प दाखवला. सांगितलं, आता मी बटण बंद करते, म्हणजे लाईट गेली असं समजा. तुम्ही पाणी बघा.

बटण बंद केलं. झुळझुळ थांबली. सम्पमधलं पाणी चढू लागलं. मला ठाऊक होतं कुठे थांबणार ते, आम्ही आधी चार वेळा करून पाहिलं होतं, तरी माझ्या पोटात गोळा आला. काकू पुढे वाकल्या. एक हात त्यांनी नकळत काठाखाली धरला होता, पाणी सांडलंच तर ओंजळीत घ्यायला. पाणी चढलं, चढलं आणि सावकाश होत थांबलं. वर नळीच्या छिद्रातून हवा ओढल्याचा सुस्कारा आला. काकूंनी काठापासून बोटं लावून मोजलं. चार बोटं.

"परत कर," त्या म्हणाल्या.

परत चालू केलं, परत बंद केलं. चार बोटं.

"आणि तू घरी नसलीस तर?"

"मी असले-नसले तरी एवढंच येणार, काकू."

त्या अब्बांकडे वळल्या. "तुमच्या डोळ्याचं कसं आहे?" अब्बा म्हणाले, "आता दिसतंय." मग काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दर महिन्याला मला दाखवत जा."

"एक तारखेला," अब्बा म्हणाले.

अब्बा नंतर गावी गेले. आता मी त्यांना फोन करते तेव्हा औषधाचं विचारून झाल्यावर ते विचारतात, "सेकंद किती?" मी डब्याने मोजलेलं सांगते. दोन महिन्यांनी पंधराचे अठरा झाले होते. पंप काढून त्याचं पातं जुन्या टूथब्रशने घासलं, परत पंधरा.

काकू एक तारखेला येतात. मागच्या वेळी बटण बंद केल्यावर पाणी चार बोटांवर न थांबता तीनवर आलं. छिद्र शेवाळाने बुजलं होतं. त्या आठवड्यात माझ्या माहेरी लग्न होतं, मी विसरले होते. मी टूथपिक आणायला स्वयंपाकघरात गेले, डबा सापडेना, आणि परत आले तोवर काकू पाटावर उभ्या राहून पदराच्या पिनने छिद्र साफ करत होत्या.

"बटण बंद आहे ना गं?" त्यांनी मागे न बघता विचारलं.